नळी सहज गेली, तरीही

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन असलं की पेशंटच्या श्वासनलिकेत एकाच दिवसात दोन वेळा नळी जाते. पहिली दोन पोकळ्यांची, छातीच्या टप्प्यासाठी, कारण तेव्हा एक फुप्फुस बंद ठेवावं लागतं; आणि दुसरी साधी, पोट-मानेच्या टप्प्यासाठी. एकूण सहा ते आठ तास गळ्यात नळी असते. मधेच पेशंटला कुशीवरून पाठीवर वळवतात आणि सर्जन तर श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून काम करत असतात. श्वासमार्गाला इजा होण्याच्या बहुतेक वाटा या एकाच ऑपरेशनमध्ये भेटतात. म्हणून आम्ही भूलतज्ज्ञ हा दिवस कसा पार पाडतो, कुठे थांबतो आणि कशाला घाबरतो, ते इथे क्रमाने लिहीत आहोत.

इजा अवघड गळ्यांतच होते, असा समज डॉक्टरांमध्येही आहे. १९९९ साली अमेरिकेत भूलतज्ज्ञांविरुद्धच्या ४,४६० निकाली दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले २६६ दावे श्वासमार्गाच्या इजेचे होते आणि त्यांत स्वरयंत्राच्या इजा सर्वांत जास्त, साधारण एक तृतीयांश. या स्वरयंत्राच्या इजांपैकी सुमारे ८० टक्के इजा जिथे झाल्या, तिथे नळी घालताना कसलीही अडचण आलेली नव्हती. नव्या रेसिडेंटला आम्ही हा आकडा पहिल्याच आठवड्यात सांगतो. गळा अवघड आहे हे माहीत असलं की सगळं थिएटर सावध असतं. सोप्या गळ्यात नळी दोन सेकंदांत आत जाते, दहा मिलीची सिरिंज सवयीने नळीभोवतीच्या फुग्यात रिकामी होते आणि लक्ष दुसरीकडे वळतं.

सुरुवात आदल्या दिवशीच्या तपासणीने होते. ‘काका, आ करा. जीभ बाहेर. आवाज काढू नका.’ पडजीभ आणि टाळूच्या कमानी किती दिसतात त्यावरून मल्लमपती श्रेणी ठरते, १ ते ४. ही पद्धत १९८५ साली मांडणारे डॉ. मल्लमपती मूळचे आंध्र प्रदेशातले. पुढची चाचणी आपल्याकडे जास्त बोलते: ‘स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू.’ तीन बोटं गेली तर ठीक, दोनच गेली तर विचार करायचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तरुण वयात खाल्लेल्या गुटखा-सुपारीने गालाच्या आतलं अस्तर दोरीसारखं ताठ झालेले पेशंट अजूनही रोज येतात. अशा तोंडात दोन पोकळ्यांची जाड नळी जबरदस्तीने घालणं हीच इजा असते. त्यांना जागेपणी नाकातून, फायबरऑप्टिक स्कोपवरून (बारीक लवचीक दुर्बिणीवरून) साधी नळी घालायची आणि एक फुप्फुस बंद करायला ब्रॉन्कियल ब्लॉकर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी, वापरायचा, हे आदल्या दिवशीच ठरलेलं बरं.

वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या आजींचे वरचे दात हिरड्यांनी जेमतेम धरलेले असतात. प्रत्येक दात बोटाने हलवून पाहतो आणि हलणारा दात कागदावर लिहितो. कवळी काढायला सांगायचीच. फारच सैल दात असेल तर आधी दंतवैद्याकडून काढून घ्यावा. पडलेला दात श्वासनलिकेत गेला तर तो काढायला वेगळी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासमार्गात दुर्बीण घालणं, करावी लागते.

आणखी एक नोंद बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे ऑपरेशनआधीचा आवाज. पेशंटला एक ते वीस आकडे मोठ्याने म्हणायला लावायचे आणि आवाज स्वच्छ आहे, घोगरा आहे की हवा गळते आहे, ते लिहून ठेवायचं. अन्ननलिकेच्या वरच्या भागातल्या गाठीने स्वरयंत्राची नस आधीच दाबलेली असू शकते. ही नोंद नसेल तर नंतर आवाज बसल्यावर तो आजाराने बसला, नळीने की ऑपरेशनने, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच बैठकीत विचारायचं: पूर्वी कधी व्हेंटिलेटरवर होता का? २०२०-२१ मध्ये कोविडने दहा-पंधरा दिवस नळीवर राहिलेल्या माणसाची श्वासनलिका आतून आकसलेली असू शकते, आणि त्याला ‘थोडी धाप लागते’ यापलीकडे काहीच जाणवत नाही.

छातीचा सीटी स्कॅन असतोच. सर्जन त्यात गाठ पाहतात, आम्ही श्वासनलिकेची आणि डाव्या ब्रॉन्कसची, म्हणजे तिच्या डाव्या फुप्फुसात जाणाऱ्या फांदीची, रुंदी मोजतो. मोठ्या माणसाची श्वासनलिका लांबीला १० ते १२ सेंटिमीटर. समोरून आणि बाजूने कूर्चेच्या इंग्रजी सी अक्षरासारख्या कड्या, आणि मागे कूर्चा नाहीच, नुसता मऊ स्नायूचा पडदा. फाटते ती बहुतेक वेळा हीच मागची भिंत, आणि अन्ननलिका नेमकी तिच्या पाठीशी असते. ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन झालेलं असेल तर हे सगळे थर ठिसूळ झालेले असतात. बुटकी बांधणी, स्त्री, साठीच्या पुढचं वय, बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड, यांपैकी जितक्या गोष्टी एकत्र येतील तितकी नळी बारीक निवडायची.

निवड अशी. साधी, म्हणजे एका पोकळीची नळी: बायकांना ७ किंवा ७.५, पुरुषांना ७.५ किंवा ८. हे आकडे आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. आठच्या वर जाण्याचं या ऑपरेशनात कारण नाही. दोन पोकळ्यांची, म्हणजे डबल ल्युमेन नळी फ्रेंच मापात येते: ३५, ३७, ३९, ४१. फ्रेंचला तीनने भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ३७ म्हणजे १२ मिलिमीटरच्या किंचित वर. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या स्वररज्जूंमधून एवढी जाडी न्यायची, हे डोळ्यांसमोर आलं की आपोआप ३५ हातात घेतली जाते. पण फार बारीक नळीही धोक्याची. ती डाव्या ब्रॉन्कसमध्ये खोल घुसते, आणि सैल बसल्यामुळे फुग्यात जास्त हवा भरावी लागते.

फुगा म्हणजे कफ. हा शब्द मराठीत घोटाळा करतो. ‘कफचं प्रेशर वाढलं होतं’ असं ऐकून एका नातेवाइकांनी छातीतल्या कफावरच्या औषधांबद्दल विचारलं होतं. म्हणून पेशंटशी बोलताना आम्ही फुगाच म्हणतो. डबल ल्युमेन नळीला दोन फुगे असतात. श्वासनलिकेतला मोठा आणि ब्रॉन्कसमधला छोटा निळा. घालण्याआधी दोन्ही भरून पाहतो. मोठ्यासाठी दहा मिलीची सिरिंज, निळ्यासाठी तीन मिलीची. निळ्यासाठी मोठी सिरिंज टेबलावर ठेवायचीच नाही, हा आमचा पक्का नियम. घाईत हाताला मोठी लागली आणि पाच मिली हवा त्या एवढ्याशा फुग्यात गेली, तर ब्रॉन्कस फाटू शकतो.

नळीवर पाण्यात विरघळणारी जेली लावतो. लिग्नोकेनचा दहा टक्क्यांचा स्प्रे फुग्यावर मारू नये. त्यातले घटक प्लास्टिकच्या फुग्याला इजा करतात आणि घशाची आगही वाढवतात. आत धातूचा स्टायलेट, म्हणजे नळीला आकार देणारी तार, असतो. त्याचं टोक नळीच्या टोकापासून किमान एक सेंटिमीटर आत हवं आणि वरच्या बाजूला वाकवून अडकवलेलं हवं, म्हणजे ते पुढे सरकत नाही. साध्या नळीला बाक द्यायचा तो फुग्याच्या जागी, ३५ अंशांपेक्षा जास्त नाही. त्याहून तिरपी झाली की नळीचं टोक श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर आपटतं.

भूल देण्याचा भाग थोडक्यात. मास्क घट्ट धरून तीन मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन. नंतर फेंटानिल, प्रोपोफॉल आणि स्नायू सैल करणारं औषध. अन्ननलिकेत अन्न अडकून राहिलेलं असण्याची शक्यता असल्याने स्नायू सैल करणारं रॉक्युरोनियम किलोमागे १.२ मिलिग्रॅमपर्यंत देतो. औषध पूर्ण चढेपर्यंत थांबायचं, आणि नसेला हलके विजेचे झटके देणारा नर्व्ह स्टिम्युलेटर हाताला लावलेला असेल तर अंगठा हलायचा बंद होईपर्यंत. अर्धवट सैल झालेले स्वररज्जू नळी आत जाताना मिटतात, पेशंट खोकतो आणि रज्जूंच्या कडेवर रक्त साकळतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्नायू सैल करणारं औषध न देता नळी घातलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आवाज बसला होता, औषध दिलेल्यांपैकी १६ टक्क्यांचा. साठ सेकंद थांबण्याचा एवढा उपयोग होतो.

लॅरिन्गोस्कोप, म्हणजे जीभ उचलून स्वरयंत्र दाखवणारं पात्याचं उपकरण, डाव्या हातात. पातं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत, जीभ डावीकडे सारायची, आणि मग दांड्याच्या दिशेने वर-पुढे उचलायचं. मनगट मागे वळलं की पातं वरच्या पुढच्या दातांवर टेकतं आणि दात तुटतो. चमच्याने डब्याचं झाकण उचकटल्यासारखी हालचाल मनगटाची असते, ती इथे नको. इथे उचल खांद्यातून यायला हवी.

पात्यावर कॅमेरा असलेला व्हिडिओ लॅरिन्गोस्कोप आल्यापासून दृश्य फार सुधारलं, पण त्याने एक नवी इजा आणली. डोळे स्क्रीनवर आणि नळी तोंडात आंधळेपणाने पुढे, अशा वेळी ताठ स्टायलेटवरची नळी उजव्या बाजूच्या मऊ टाळूतून किंवा टॉन्सिलच्या कमानीतून आरपार जाते. भोक पडलेलं स्क्रीनवर दिसतही नाही. नळी श्वासनलिकेत गेलेली असते, सगळे समाधानी असतात, आणि ऑपरेशननंतर तोंडातून रक्त येतं. उपाय चार पायऱ्यांचा, आणि तो आम्ही मोठ्याने म्हणून घेतो: पातं घालताना तोंडाकडे बघा, दृश्य मिळवताना स्क्रीनकडे, नळी घालताना पुन्हा तोंडाकडे, आणि नळीचं टोक पात्याच्या टोकाजवळ आल्यावरच परत स्क्रीनकडे.

डबल ल्युमेन नळीचं वाकडं टोक वर ठेवून ती रज्जूंमधून न्यायची. निळा फुगा रज्जूंपलीकडे गेला की तिथेच थांबायचं. सहाय्यकाने स्टायलेट काढायचा. स्टायलेट आत ठेवून पुढे ढकलणं हे श्वासनलिका फाटण्याचं सर्वांत सरळ कारण. मग नळी डावीकडे ९० अंश फिरवायची आणि हलक्या हाताने पुढे सरकवायची. उंची १७० सेंटिमीटर असेल तर दाताशी नळीवरचा २९ सेंटिमीटरचा आकडा यायला हवा. उंची दर दहा सेंटिमीटरने कमी झाली की आकडाही एकाने कमी. म्हणजे १५० च्या आजींना २७. त्याआधीच अडली तर जोर करायचा नाही. थोडी मागे घ्यायची, फिरवायची, स्कोप घालून पाहायचं. साध्या नळीचंही असंच. तिचं टोक उजव्या ॲरिटिनॉइडवर अटकतं, तेव्हा ढकलण्याऐवजी नळी घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवली की ती सुटून आत जाते. ॲरिटिनॉइड म्हणजे रज्जू ज्यावर बसलेले असतात ती मटारएवढी कूर्चा. जोर केला तर तिचा सांधा निखळतो.

नळी जागेवर आहे याचा पुरावा म्हणजे मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख. आलेख नाही तर नळी श्वासनलिकेत नाही असंच मानायचं आणि काढायची. मगच स्कोप. श्वासनलिकेच्या पोकळीतून पाहिल्यावर दोन ब्रॉन्कसमधला कणा, म्हणजे करायना, स्वच्छ दिसायला हवा आणि डावीकडे त्याच्या जरा खाली निळ्या फुग्याची फक्त वरची कड. कड करायनावर चढलेली दिसली तर नळी वर आहे, निळं काहीच दिसत नसेल तर फार खोल. दोन्ही चुकांत फुगा भलत्या ठिकाणी दाबत बसतो.

प्रयत्नांची संख्याही मोजायची. भारतीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत असं सांगितलं आहे, आणि प्रयत्न चालू असताना नाकातून ऑक्सिजन चालूच ठेवायचा. दर प्रयत्नाला गळा आतून सुजतो. पहिल्या वेळी जे दृश्य होतं ते तिसऱ्या वेळी नसतं. काहीही न बदलता तोच प्रयत्न पुन्हा करणं म्हणजे फक्त सूज वाढवणं. पात्याचा प्रकार, डोक्याखालची उशी, बोजी (नळीला वाट दाखवणारी बारीक लवचीक काडी) किंवा नळी घालणारा माणूस, काहीतरी बदललंच पाहिजे. बोजीबद्दल एक खबरदारी: तिचं टोक कड्यांवर टकटक करत गेलं की ती योग्य जागी आहे, ते पुरेसं. अडेपर्यंत खोल सारायची गरज नसते. खोल गेलेली बोजी बारीक ब्रॉन्कसला भोक पाडू शकते.

आता फुग्याचा दाब. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्तात टाळता येण्यासारखी इजा हीच. नळीच्या बाहेरच्या टोकाशी आतल्या फुग्याला जोडलेला एक छोटा पायलट बलून लटकतो. तो चिमटीत दाबून ‘बरोबर आहे’ म्हणण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि बोटाचा हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. २० ते ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब हवा. वीसच्या खाली लाळ फुग्याच्या कडेने फुप्फुसात झिरपते. १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑपरेशन चालू असलेल्या ४० पेशंटांचा एक अभ्यास आला होता. फुग्याचा दाब बदलत स्कोपमधून श्वासनलिकेच्या अस्तराचे फोटो काढले होते. दाब वाढला की कड्यांवरचं अस्तर पांढरं पडताना त्यांत दिसतं. दाब तीसच्या वर जाऊ देऊ नये हा नियम तिथून रूढ झाला.

पांढरं पडलेलं अस्तर काही तासांत मरायला लागतं. तिथे व्रण होतो, खालची कूर्चा उघडी पडते, आणि भरताना होणारा व्रणाचा डाग आकसतो. बोस्टनच्या कूपर आणि ग्रिलो या सर्जननी १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की व्हेंटिलेटरच्या पेशंटांची श्वासनलिका जिथे फुगा असतो तिथेच अरुंद होते. त्या काळचे लाल रबरी नळ्यांचे फुगे छोटे आणि ताठ होते. आजचे मोठे, पातळ फुगे कमी दाबात श्वासनलिका भरून काढतात. पण मोठ्या फुग्यातही गरजेपेक्षा दुप्पट हवा भरली की तोही ताठच होतो.

म्हणून मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र. घड्याळासारखी तबकडी, हिरवा पट्टा आणि एक रबरी बल्ब. पायलट बलूनला जोडायचा, काटा पंचविसाच्या आसपास आणायचा. जोडताना थोडी हवा यंत्रात जाते आणि दाब उतरतो, म्हणून नुसतं मोजून सोडून द्यायचं नाही, पुन्हा पंचविसावर आणूनच काढायचं. बहुतेकांना पाच ते सात मिली हवा पुरते. लहान हॉस्पिटलात मॅनोमीटर नसेल तर स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवून व्हेंटिलेटर चालू असताना थोडी-थोडी हवा भरायची. गळतीचा आवाज बंद झाला तिथे थांबायचं. हे मोजण्याइतकं अचूक नाही, पण सिरिंज रिकामी करण्यापेक्षा खूप चांगलं. दाब एकदा मोजून भागत नाही. नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो प्लास्टिकमधून फुग्यात शिरतो आणि तासाभरात दाब चढतो. या ऑपरेशनात आम्ही तो वापरतच नाही. तरी पेशंट वळवल्यावर आणि दर तासाला दाब पुन्हा बघतो.

मान हलली की नळीही हलते. हनुवटी जिकडे, नळीचं टोक तिकडे: मान पुढे वाकली तर टोक सुमारे दोन सेंटिमीटर खाली, मागे गेली तर तितकंच वर. वर सरकलेला फुगा रज्जूंच्या अगदी खाली येऊन बसतो. तिथे, रज्जूंपासून साधारण सहा ते दहा मिलिमीटर खाली, स्वरयंत्राच्या नसेची फांदी फुगा आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये सापडते आणि एका बाजूचा रज्जू लुळा पडतो. फुगा रज्जूंच्या निदान दीड सेंटिमीटर खाली हवा. म्हणून पेशंट कुशीवर घेताना आधी निळा फुगा रिकामा करायचा, एकाने डोकं आणि नळी एकत्र धरायची, बाकीच्यांनी त्याच्या आकड्यावर वळवायचं, आणि वळवल्यावर स्कोप पुन्हा.

छातीचा टप्पा चालू असताना सर्जन श्वासनलिकेच्या मागची भिंत सोडवत असतात. फाटलं तर पहिली खूण व्हेंटिलेटरवर: आत ४०० मिली जातात, बाहेर २५० येतात. छातीत ओतलेल्या सलाइनमध्ये बुडबुडे दिसतात. कधी फुग्याचा पांढरा पृष्ठभागच सर्जनना दिसतो. हे कुणाच्या हाताने झालं, नळीने की उपकरणाने, याचा वाद तिथे करायचा नाही. नळी स्कोपखाली फाटलेल्या जागेच्या पलीकडे न्यायची, फुगा तिथे हलकेच भरायचा, दाब कमी ठेवायचा, आणि सर्जन विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून त्यावर शेजारच्या स्नायूचं किंवा आवरणाचं ठिगळ लावतात. छाती बंद झाल्यावर किंवा रिकव्हरीत कळलं, तर मानेवर बोट दाबल्यावर मुरमुऱ्याच्या पिशवीवर दाबल्यासारखं कुरकुरतं. ही त्वचेखाली शिरलेली हवा. अशा वेळी लगेच सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी. लहान, वरवरची चीर आणि पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय, अँटिबायोटिक देऊन बारीक लक्ष ठेवल्याने भरून येते.

छाती झाली की नळी बदलायची वेळ. पाच तासांत गळा सुजलेला असतो, सलाइनही बरंच गेलेलं असतं. इथे घाई नको. तोंडातलं सगळं सक्शन करून व्हिडिओ लॅरिन्गोस्कोपने आधी पाहायचं. दृश्य चांगलं नसेल तर एअरवे एक्स्चेंज कॅथेटरवरून, म्हणजे जुनी नळी काढताना वाट राखून ठेवणाऱ्या लांब बारीक नळीवरून, बदलायची. कॅथेटर ओठांशी २५ सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही आणि त्यातून दाबाने ऑक्सिजन सोडायचा नाही. या दोन चुकांनी फुप्फुस फुटतं. नवी नळी मऊ टोकाची, एक नंबर लहान.

शेवटी नळी काढताना. स्नायूंची ताकद मशिनवर मोजून, नसेला दिलेल्या चार झटक्यांपैकी चौथ्या प्रतिसादाचं पहिल्याशी गुणोत्तर ०.९ च्या वर असेल तरच. दाढांमध्ये गॉजची घट्ट वळी ठेवायची. अर्धवट जागा झालेला पेशंट नळी चावून जोरात श्वास ओढतो आणि काही मिनिटांत फुप्फुसात पाणी भरतं. तोंड सक्शन करून, सिरिंजने फुगा पूर्ण रिकामा करून, मगच नळी. अर्धा भरलेला फुगा रज्जूंमधून ओढला की ॲरिटिनॉइड मागे निखळतो. सूज असेल असं वाटलं तर फुगा रिकामा करून गळती मोजायची. एका श्वासात ११० मिलीपेक्षा कमी हवा गळाली तर काढण्याची घाई न करता स्टेरॉइड देऊन, डोकं उंच ठेवून काही तास थांबायचं.

वॉर्डातले पुढचे दिवस. घसा दुखणं बहुतेकांना होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. पण ताप, मान दुखणं आणि गिळताना कळ, हे तिन्ही एकत्र आलं तर घशाला किंवा अन्ननलिकेला भोक पडलं असं धरून त्याच तासात सीटी करायचा. आवाज बसला असेल तर पहिल्या दिवसापासून आधीच्या नोंदीशी ताडायचा. या ऑपरेशनात स्वरयंत्राच्या नसेलगतच्या लसिका ग्रंथी काढतात, त्यामुळे नस ताणली जातेच. पण निखळलेला ॲरिटिनॉइडही हुबेहूब तसाच दिसतो, आणि तो पहिल्या काही दिवसांत भूल देऊन परत बसवता येतो. ‘नस आहे, सहा महिन्यांत येईल’ असं म्हणून सोडलं तर सांधा तसाच घट्ट होतो. म्हणून आवाज बसलेल्या प्रत्येक पेशंटच्या घशात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बारीक दुर्बिणीने पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर तोंडाने काही सुरू करू नये.

सगळ्यांत फसवी इजा उशिरा येते. तीन ते सहा आठवड्यांनी जिना चढताना धाप, आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज. श्वासनलिका निम्म्याहून अरुंद झाली की चालताना त्रास होतो, पाच मिलिमीटरवर आली की बसल्याजागी. गावातले डॉक्टर दमा समजून पंप देतात आणि पेशंट महिनोन् महिने पंप ओढत राहतो. फरक ऐकून कळतो: दम्याची शिट्टी श्वास सोडताना छातीत, ही श्वास आत घेताना गळ्यात. पंपाने काडीचाही फरक न पडणं ही दुसरी खूण. ज्याला मागच्या वर्षभरात नळी लागली होती आणि पंप लागू पडत नाही, त्याचा मानेसह छातीचा सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी व्हायलाच हवी. व्रणाचा छोटा पडदा असेल तर तो दुर्बिणीतून कापून फुग्याने रुंद करता येतो. लांब, कूर्चा खचलेला भाग असेल तर तेवढा कापून दोन टोकं जोडतात.

डिस्चार्जच्या दिवशी आम्ही कार्डाएवढा एक कागद लॅमिनेट करून देतो. मराठीत आणि इंग्रजीत. ऑपरेशनची तारीख, मास्कने श्वास देता आला का, कोणतं पातं, स्वरयंत्र किती दिसलं, कितव्या प्रयत्नात नळी गेली, नळीचा नंबर, ओठाशी किती सेंटिमीटर, फुग्याचा दाब, नळी किती तास होती, हलणारे दात, आधीचा आणि नंतरचा आवाज. आधार कार्डाच्या पाकिटात ठेवायला सांगतो. पुढच्या वेळी मुलगा किंवा सून घेऊन येईल, मध्यरात्री, दुसऱ्याच शहरात, आणि तिथल्या भूलतज्ज्ञाच्या हातात एवढाच कागद असेल.